छोट्या हाताच्या मिलिंगला सीएनसी करायचंय, आधी मोटर घेऊ का बॉलस्क्रू?

शिरोलीचा_मिलिंगवाला

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबलंय तेवढं सांभाळून घ्या.

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीच्या अलीकडं माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक बेंच ड्रिल आणि दोन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या शेडमधनं घेतलेलं चायनाचं बेंच मिलिंग. टेबल ५५० बाय १६०, वजन दीडशेच्या वर असेल, चौघांनी उचललं होतं आणि चौघांच्याही कंबरा धरल्या होत्या. स्पिंडल एमटी ३, जास्तीत जास्त १७५० आरपीएम. हँडलच्या एका फेऱ्याला २ मिमी, चक्रीवर १०० रेघा, म्हणजे एक रेघ २० मायक्रॉन. येतात ती कामं म्हणजे ॲल्युमिनियमच्या प्लेटा, पीसीडीवर (एका गोलावर) भोकं, स्लॉट, फिक्श्चरचे ठोकळे.

आता दुखणं काय, तर एकाच प्लेटचे चाळीस नग आले की चाळीस वेळा हँडलचे फेरे मोजत बसायचं, मध्येच फोन वाजला की तेरावा होता का चौदावा ते विसरलं, आणि प्लेट भंगारात. मागच्या महिन्यात अशा पाच प्लेटा गेल्या, मटेरियल पार्टीचं होतं, भरून द्यायला लागलं. म्हणून ठरवलं की तिन्ही ॲक्सिसला (एक्स आडवी, वाय पुढंमागं, झेड वरखाली) मोटर लावून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरनं चालणारं, करून टाकायचं.

ऑनलाइन कार्ट भरून ठेवलंय. नेमा २३ साइजच्या १८ किलो-सेंटिमीटरच्या तीन स्टेपर मोटरी (पल्समागं एक पायरी फिरणाऱ्या), त्यांना करंट देणारे टीबी६६०० ड्रायव्हर तीन, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), अर्डुइनो उनो कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर जीआरबीएल हे सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर टाकायचं. विचार असा की हँडल काढायचं, तिथं कपलिंग लावून मोटर थेट जुन्या स्क्रूलाच जोडायची. दिशा उलटवली की चक्रीवर १५ रेघा रिकाम्या जातात, पण ही ढिल, म्हणजे बॅकलॅश, सॉफ्टवेअरमध्ये भरून निघतो असं एका व्हिडिओत बघितलं. बॉलस्क्रू (नटात गोळ्या असलेला, ढिल जवळजवळ नसलेला स्क्रू) नंतर पैसे आले की बघू. एकूण बजेट साठ हजार, लई ताणलं तर सत्तर.

अजून एक, हुपरीतनं एक जण चांदीच्या कामाच्या पितळी डाय करून देशील का म्हणून विचारतोय. सीएनसी झाल्यावर तेही जमेल ना? बाय बटण दाबू का थांबू ते सांगा.


भोसरी_जॉबवर्क

थांब. स्पष्टच बोलतो, राग मानू नको. दीडशे किलोच्या मशीनला सीएनसी करणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घालणं. साठ हजार घालून हाताशी काय येणार तर हळू चालणारं, थरथरणारं मशीन. त्यापेक्षा डीआरओ (टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) बसव, ५ मायक्रॉनच्या स्केल लाव, पीसीडीची भोकं डीआरओ स्वतःच काढून देतो, फेरे मोजायची भानगडच संपली. चाळीस नगांसाठी एक ड्रिल जिग (भोकांची जागा धरून देणारा साचा) कर, कडक बुश टाक. आणि खरोखर सीएनसीचं काम आलं की बाहेर व्हीएमसीवर (मोठ्या सीएनसी मिलिंगवर) तासाच्या भावानं टाक. मी सहा वर्षं हेच करतोय, झोप शांत लागते.


शिरोलीचा_मिलिंगवाला

दादा राग कसला. ड्रिल जिग आहेत माझ्याकडं, कपाट भरलंय. पण स्लॉट आणि कोपऱ्याचे रेडियस जिगनं होत नाहीत, रोटरी टेबल चढवा-उतरवा यात अर्धा दिवस जातो. बाहेर व्हीएमसीवाले आमच्यासारख्यांच्या चाळीस नगांना हात लावत नाहीत, सेटिंगचेच पैसे सांगतात. आणि खरं सांगू का, हौस पण आहे.


टूलरूम_काका

हौस आहे म्हणालात ते बरं केलंत, नाहीतर भोसरीकरांचं ऐका असंच मी सांगणार होतो.

त्यांच्या झुलीबद्दल मात्र एक सांगतो. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीनं जगातलं पहिलं न्यूमेरिकल कंट्रोल मिलिंग चालवून दाखवलं, तेव्हा मशीन काही नव्यानं बांधलं नव्हतं, सिनसिनाटीचं तयार हायड्रोटेल मिलिंग घेऊन त्यालाच व्हॅक्यूम ट्यूबचा कंट्रोल आणि भोकं पाडलेली कागदी टेप जोडली होती. म्हणजे सीएनसीचा मूळपुरुषच झूल घातलेला बैल आहे. बैल धडका हवा एवढंच.

तर तुमचा बैल धडका आहे का ते आधी बघू या. कार्ट तसंच राहू दे, कुठं पळत नाही. टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, त्यात जुन्या मशीनवर नवा कंट्रोल चढवताना खूपदा बघितलं, आणि दर वेळी पोरं मोटरीपासून सुरुवात करायची. मोटर हा सगळ्यात सोपा भाग आहे. मोटर बिचारी सांगितलं तेवढं फिरते. तिच्या आणि कटरच्या मध्ये जे काही ढिलं आहे ते सगळं जॉबवर उतरतं, आणि हातानं काम करताना तुमचा हात जे नकळत सांभाळून घेत असतो ते सांभाळायला तिथं कोणी नसतं. आत्ता तुम्ही नेहमी एकाच दिशेनं येऊन चक्री शून्य करता ना? गोल फिरताना एकाच दिशेनं कसं येणार?

डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं गेज) घ्या, मॅग्नेट स्टँड घ्या आणि रविवारी एवढं मोजा.

पहिलं, १५ रेघा म्हणजे ०.३० मिमी रिकामे जातात म्हणालात, ते नक्की कुठं जातात ते शोधायचं. बरेच जण सगळा दोष नटाला देतात. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं, त्यात ग्रीसच्या थेंबावर बेअरिंगची एक बारीक गोळी बसवा, डायलची टोच त्या गोळीवर टेकवा आणि हँडल उलटसुलट फिरवा. स्क्रू जागेवरच पुढंमागं सरकत असेल तर डायल लगेच दाखवेल. ती ढिल स्क्रूला लांबीच्या दिशेनं धरणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची, नटाची नव्हे, आणि पुष्कळदा एक लॉकनट आवळला की जाते. फुकटात.

दुसरं, टेबलाला डायल लावून रिकामी चाल मोजा, पण एका जागी नको. टेबल मधोमध असताना, मग अगदी डावीकडं, मग अगदी उजवीकडं. तीन आकडे लिहून ठेवा. तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्रश्नाचं उत्तर त्या तीन आकड्यांत आहे.

तिसरं, गिब, म्हणजे सरकत्या भागातली ढिल काढणारी पट्टी. टेबलाचं एक टोक धरून आडवं ढकला, दुसऱ्या टोकाला डायल. किती हलतं? गिब आवळला की मध्ये बरोबर आणि कडेला घट्ट होतंय का? तसं असेल तर डोव्हटेल, म्हणजे टेबल सरकतो ती तिरक्या कडांची वाट, मधल्या भागात झिजलाय, आणि त्याला बॉलस्क्रू काहीच करू शकत नाही, त्याला ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) मारून स्क्रेपरच हातात घ्यायला लागतो.

चौथं, स्पिंडलमध्ये डायल पकडून टेबलावर पूर्ण गोल फिरवा, डोकं काटकोनात आहे का ते कळेल. मोजून इथंच टाका, मग बोलू.


हुपरीचा_पोरगा

डायबद्दल मी सांगतो, घरचाच धंदा आहे. भावा त्या मशीनच्या स्पिंडलवर डायचा नाद करू नको. आमच्या पैंजणाच्या डायमध्ये नक्षीला अर्धा मिमी, पाव मिमी टोकाचा कटर लागतो. १७५० आरपीएमवर अर्धा मिमीच्या कटरचा कटिंग स्पीड काढून बघ, ३.१४ गुणिले ०.५ गुणिले १७५० भागिले १०००, पावणेतीन मीटर मिनिटाला. पितळेला एवढ्यावर कटर कापत नाही, घासतो आणि मोडतो. २४ हजार आरपीएमचा छोटा स्पिंडल डोक्याच्या बाजूला क्लॅम्प करून लावायला लागेल, किंवा त्याला वेगळा राऊटरच. आधी प्लेटांचं बघ, डाय नंतर.


शिरोलीचा_मिलिंगवाला

हुपरीकर भावा धन्यवाद, डाय बाजूला ठेवल्या.

काका, रविवारचा अख्खा दिवस यात गेला, बायको म्हणाली मशीनशीच लग्न करायचं होतं. पण गोळीची आयडिया जबरदस्त आहे! सायकलच्या बेअरिंगची गोळी ग्रीसमध्ये बसवली, डायल टेकवला, हँडल उलटं फिरवलं आणि काटा टुणकन १२ रेघा उडाला. माझा डायल १० मायक्रॉनचा आहे, म्हणजे ०.१२ मिमी. स्क्रूच पुढंमागं होत होता आणि मी दोन वर्षं नटाला शिव्या घालत होतो. मागचा लॉकनट नुसता हातानं फिरेल एवढा सैल होता. आवळल्यावर ०.०२ राहिलं.

आवळायच्या आधीची एक्सची रिकामी चाल अशी आली: मधोमध ०.३०, डावीकडं ०.१९, उजवीकडं ०.१९. वायला मध्ये ०.२४, कडेला ०.२०. झेडला मोजायला गेलो पण डोक्याच्या वजनानं ते कायम खालीच बसतंय, नीट कळलं नाही.

गिबचं तुम्ही म्हणाला तसंच झालं पण थोडंच, मध्ये टोक ढकललं की ०.०३ हलतं, कडेला घट्ट. डोकं १०० मिमीच्या गोलात ०.०५ नं कललेलं होतं, ते सरळ केलं.

यातनं काय समजायचं?


टूलरूम_काका

शाब्बास. मोजणारा माणूस मला आवडतो.

आता बघा. मधोमध ०.३० आणि कडेला ०.१९. त्यातले ०.१२ बेअरिंगचे, ते दोन्हीकडं सारखेच. ते वजा केले की नट-स्क्रूमधली ढिल मध्ये ०.१८ आणि कडेला ०.०७. म्हणजे नट झिजलाय त्यापेक्षा स्क्रूच मध्ये जास्त झिजलाय, कारण दोन वर्षं काय, आधीच्या मालकानंही सगळं काम टेबलाच्या मधल्या वीतभर जागेतच केलं असणार, सगळे तेच करतात. सॉफ्टवेअरला तुम्ही बॅकलॅशचा एकच आकडा देणार. ०.१८ द्याल तर कडेला ते ०.११ जादा ढकलेल, ०.०७ द्याल तर मध्ये ०.११ कमी पडेल. नवा नट घट्ट बसवाल तर कडेला जॅम होईल.

आणि आकडा बरोबर असला तरी सॉफ्टवेअर फक्त स्क्रू तेवढा जास्त फिरवतं, नटातली फट तिथंच राहते. भोकं पाडताना चालून जाईल, कारण ड्रिल टेबलाला आडवं ओढत नाही. पण डाऊन मिलिंग करताना, म्हणजे कटरचे दात टेबलाच्या चालीच्याच दिशेनं कापतात तेव्हा, कटर टेबलाला आपल्याकडं खेचतो, टेबल त्या फटीएवढं धाडकन पुढं जातं, दातावर एकदम दुप्पट माल येतो आणि कटर गेला. प्लेटचा बाहेरचा घेर घेताना सीएनसीवर आपण बहुतेक डाऊनच घेतो, फिनिश चांगली येते म्हणून.

शिवाय तुम्ही ज्या जीआरबीएलबद्दल बोलताय त्यात बॅकलॅश भरायची सोयच नाही. माख ३ मध्ये आणि लिनक्स सीएनसीमध्ये आहे. तो व्हिडिओ त्यातल्या कशाचा तरी असेल.

तेव्हा एक्स आणि वायला बॉलस्क्रू आधी. ०.०३ चा गिबचा प्रश्न तुमच्या प्लेटांच्या कामाला त्रास देणार नाही, सध्या मधल्या जागेला बेतानं आवळा आणि तेल भरपूर द्या.


उचगावचा_खटपट्या

राम राम. मी याच साइजच्या मशीनला दीड वर्षापूर्वी केलंय, उचगावातच आहे, कधीही येऊन बघून जा, चहा माझ्याकडं. काकांनी सांगितलं ते शंभर टक्के, मी नेमका उलटा गेलो होतो, आधी मोटरी लावल्या जुन्या स्क्रूला, ५० मिमीचा गोल कापला आणि बघतोय तर चारही बाजूला, जिथं ॲक्सिस उलटी फिरते तिथं, नखाला लागेल असा टप्पा. गोल कुठला, चार कोपरे घासलेली चकती वाटत होती. ती चकती अजून भिंतीवर टांगलीय.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगतो. आपण घेतो ते एसएफयू१६०५, म्हणजे १६ मिमी जाड आणि फेऱ्याला ५ मिमी चाल. त्याच्या नटाचं अंग २८ मिमी आणि फ्लँज ४८ मिमी. तुझ्या सॅडलखाली (टेबल ज्यावर बसतं तो सरकता भाग) एवढी जागा नाहीये, मी लिहून देतो. माझ्याकडं एक्सला टेबलाच्या पोटात कसाबसा बसला, पण वायला बेसमध्ये नट जाईचना, फ्लँज दोन्ही बाजूनं ग्राइंड करून चपटा केला आणि सॅडलच्या खाली पाच मिमी खोल खाच पाडली. ती खाच पाडायला मिलिंग लागतं आणि मिलिंग तर खोलून पडलेलं! शेवटी शेजारच्या शेडमध्ये हातापाया पडून करून घेतलं. तर शहाण्या माणसानं मशीन खोलायच्या आधी नटाचा ब्रॅकेट, बेअरिंगचे ठोकळे, मोटरच्या प्लेटा हे सगळं त्याच मशीनवर करून ठेवावं. आणि एका वेळी एकच ॲक्सिस खोलावी.

स्क्रू मागवताना टोकं मशिनिंग केलेली, बीके१२ बीएफ१२ ला बसतील अशीच मागव. आपल्याकडं लेथ आहे म्हणून कापून मी घरी टर्न करायला गेलो, वरचा थर कडक केलेला असतो, एचएसएसचं टूल त्यावरनं नुसतं किंचाळत सरकतं. कार्बाइडनं झालं, पण रनआऊट (टोक वाकडं फिरणं) यायचा तो आलाच. बीके म्हणजे पक्क्या बाजूचा ठोकळा, त्यात अँग्युलर बेअरिंग असतात, सगळा थ्रस्ट तो घेतो. बीएफ नुसतं टोक धरतो. स्वस्तातल्या बीकेमध्ये अँग्युलरच्या जागी साधे डीप ग्रूव्ह भरलेले मिळतात कधीकधी, उघडून बघ. तसे निघाले तर तू आत्ता लॉकनट आवळून घालवलेली ढिल नव्यानं विकत घेतलीस असं समज. आणि अचूकता सी७ मिळेल, म्हणजे ३०० मिमीत ५० मायक्रॉनपर्यंत फरक असू शकतो, प्लेटांना चालतंय की.

मोटर १८ किलोची पुरते का असं सगळे विचारतात. १८ किलो-सेंटिमीटर म्हणजे साधारण १.८ न्यूटन मीटर. कटरनं टेबलाला ५० किलोनं ढकललं असं धरलं, तुझ्या मशीनवर त्याच्या अलीकडंच ते थरथरायला लागेल, तरी ५ मिमीच्या बॉलस्क्रूला ०.४५ न्यूटन मीटरच्या आसपास लागतं. म्हणजे जागा भरपूर आहे, फक्त स्टेपर वेग वाढला की ताकद सोडतो, म्हणून मी रॅपिड (न कापता पळायचा वेग) मिनिटाला १५०० मिमीच्या वर नेत नाही. मायक्रोस्टेप (ड्रायव्हर एका पायरीचे करतो ते भाग) ८ वर ठेवला तर फेऱ्याच्या २०० पायऱ्या गुणिले ८ भागिले ५, मिमीला ३२० पल्स. उनो ३० हजार पल्स सेकंदाला देतो, त्याला हे किरकोळ आहे.

आता झेडची गोष्ट. एकदा स्लॉट घेताना टूल वळवळायला लागलं, घाबरून लाल बटण दाबलं. ड्रायव्हरची पॉवर गेली, मोटर सुटली, आणि बॉलस्क्रू साध्या स्क्रूसारखा स्वतःला धरून ठेवत नाही ना, तो वजनानं उलटा फिरतो. पस्तीस-चाळीस किलोचं डोकं सावकाश, म्हणजे अगदी लिफ्ट उतरावी तसं, खाली आलं आणि १२ चा कार्बाइड व्हाइसच्या जबड्यावर टेकून फुटला. बटण दाबून मशीन वाचवायला गेलो होतो. नंतर गाडीच्या डिकीचे दोन गॅस शॉकॲब आणून डोक्याला आधार दिला, आता पॉवर गेली तरी जागेवर राहतं. तुझा झेड सध्या जुन्या स्क्रूवरच ठेव, वजनानं ढिल एकाच बाजूला बसलेली असते त्यामुळं फार अडत नाही. फक्त मोठ्या ड्रिलनं आरपार जाताना जरा बघून, तिथं ते डोक्याला खाली ओढतं.

त्याचीच दुसरी बाजू, बॉलस्क्रू बसल्यावर हातानं मिलिंग करायचं विसर. पॉवर नसताना कटर टेबलाला घेऊन जातो. मी हँडल ठेवली होती हौसेनं, रॅपिडला ती गरगर फिरते, एकदा शर्टाची बाही गेली तेव्हा काढून टाकली.


पॅनलवाली

मेकॅनिकलचं वरच्यांनी सांगितलंय, मी कंट्रोल पॅनल वायर करते, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगते. शिरोलीकर, कार्टमधला २४ व्होल्टचा एसएमपीएस आणि टीबी६६०० दोन्ही काढा.

स्टेपरला जागेवर धरून ठेवायला करंट लागतो, पण वेगात फिरवायला व्होल्टेज लागतं. कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, व्होल्टेज कमी असेल तर करंट पूर्ण चढायच्या आत पुढची पल्स येते. खटपट्यादादा म्हणाले वेगात ताकद सोडतो, त्याचं निम्मं कारण हेच. ढोबळ हिशेब असा की मोटरच्या इंडक्टन्सचं मिलिहेन्रीमधलं वर्गमूळ काढून त्याला ३२ नं गुणायचं, त्याच्या वर जायचं नाही. ३ मिलिहेन्रीची मोटर असेल तर ५५ व्होल्ट. डीएम५४२ ड्रायव्हर घ्या, तो ५० व्होल्टपर्यंत चालतो, पण त्याला ४८ देऊ नका, कारण मोटर झटकन थांबते तेव्हा ती जनरेटरसारखी उलटं व्होल्टेज ढकलते आणि ४८ चे क्षणभर ५० च्या वर जातात. ३६ व्होल्ट द्या, तुमच्या कामाला भरपूर आहे.

चालू ड्रायव्हरवरनं मोटरची वायर काढायची नाही. कधीच नाही. सैल क्रिम्पसुद्धा नाही. ड्रायव्हर मरायचं पहिलं कारण हेच असतं, आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता.

लिमिट स्विच (टेबल टोकाला गेलं की थांबवणारे) नॉर्मली क्लोज्ड वापरा, वायर तुटली तर मशीन थांबलं पाहिजे, चालू राहायला नको. तुमच्या स्पिंडलला डीसी मोटर असेल तर तिचे ब्रश आणि स्पीड कंट्रोलचं कार्ड भरपूर नॉइज सोडतात, लिमिटच्या वायरी मोटरच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत बांधल्या की मध्येच लिमिट लागल्याचा खोटा अलार्म येतो, आणि तुम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता. शील्ड केबल घ्या, शील्ड पॅनलच्या बाजूला एकाच टोकाला अर्थ करा, उनोच्या आधी ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून देऊन वीज वेगळी ठेवणारा भाग) टाका. आणि वर्कशॉपचं अर्थिंग खरंच आहे का ते आधी तपासा हो, हिरवी वायर बोर्डात नुसती दुमडून ठेवलेली मी कितीदा बघितलीय.

इमर्जन्सी बटण उनोच्या पिनवर देऊन भागत नाही. कॉन्टॅक्टरच्या (पॉवर तोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलमधून घ्या, म्हणजे कंट्रोलर हँग झाला तरी स्पिंडल आणि ड्रायव्हरची पॉवर जाईल. झेडला पुढंमागं बॉलस्क्रू टाकलाच तर ब्रेकवाली मोटर घ्या, पॉवर गेली की ब्रेक लागतो. गॅस शॉकॲब चांगलेच, पण ते हळूहळू मऊ पडतात.

पॅनल बंद डब्यात आणि मशीनपासून दूर. जाळीचा एसएमपीएस टेबलाखाली उघडा ठेवलेलं एक मशीन माझ्याकडे आलं होतं, आत ॲल्युमिनियमच्या चिप्स अशा पसरलेल्या जसा बुंदीचा झारा झटकलाय. बिघाड काय झाला हे विचारायची गरजच नव्हती.


भोसरी_जॉबवर्क

एवढं सगळं वाचून माझा डीआरओ मला अजून आवडायला लागला.

पण करणारच असशील तर फीडचं एक ध्यानात घे. १० चा दोन दातांचा कार्बाइड, ॲल्युमिनियम, १७५० आरपीएम, दाताला ०.०४ धरलं तर मिनिटाला १४० मिमी. कॅममध्ये (प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तयार मेनू निवडलास तर तो मोठ्या व्हीएमसीचे आकडे टाकतो आणि तुझं मशीन नाचतं. खोली अर्धा-एक मिमी ठेव, फेऱ्या वाढव.


शिरोलीचा_मिलिंगवाला

पॅनलवाली ताई, बोर्ड उघडून बघितला. हिरवी वायर दुमडलेलीच होती. इलेक्ट्रिशियनला फोन केलाय, तोच ज्यानं ती दुमडली.

तर आता असं ठरवलंय. कार्ट रिकामं केलं. उचगावला जाऊन खटपट्या भाऊंचं मशीन बघून आलो, ती भिंतीवरची चकती हातात घेऊन बघितली, टप्पा खरंच नखाला लागतो. एक्स आणि वायचे दोन एसएफयू१६०५ टोकांसकट सांगितलेत, बीके-बीएफ सोबत, आल्यावर उघडून बेअरिंग बघणार. मोटरी त्याच, ड्रायव्हर डीएम५४२, ३६ व्होल्ट. ते पुढच्या महिन्यात, तोवर नटाचे ब्रॅकेट आणि मोटरच्या प्लेटा याच मशीनवर करून घेतो. भाऊंनी वायच्या नटाचं माप कागदावर काढून दिलंय, माझ्या बेसमध्ये किती जागा आहे ते बघायला उद्या टेबल आणि सॅडल उचलतोय. टेबल एकट्यानं निघेल ना? खाली ठेवायला जुना टायर आणलाय.


टूलरूम_काका

टायर नको, त्याच्यावर ते डगमगेल आणि डोव्हटेलची धार आपटून बर (उचललेला काठ) येईल, मग पुढचे चार दिवस ऑइलस्टोन घासत बसाल. सरळ दोन लाकडी फळ्या, वर जुनी गोणपाट. टेबल निघण्याआधी स्क्रू आणि गिब दोन्ही काढायचं, गिबवर कुठलं टोक आत होतं ते खडूनं लिहून ठेवायचं. आणि एकट्यानं नको. मागच्या वेळी चौघांच्या कंबरा धरल्या होत्या म्हणालात ना, त्यातला एक तरी बोलवा.


उचगावचा_खटपट्या

मी येतो सकाळी नऊला. डायल आणि गोळी दोन्ही घेऊन येतोय, माझ्या वायचं आजवर मोजलंच नव्हतं, आज मोजलं तर बीकेमध्येच ०.०४ निघाले.